एकोणचाळीस दिवसांचा संसार

१४ जून

प्रिय सिस्टर,

कालपासून मी तुझ्या बाबांकडे राहायला आलोय. लग्न झालं की नवरी सासरी जाते असं ऐकून होतो. आपल्याकडे नवरी विमानाने गेली आणि नवरा दोन बॅगा, एक गादी घेऊन एकटाच सासरी आला. बाबांनी दार उघडलं, गादीकडे पाहिलं आणि म्हणाले, "या, घरजावई. चार महिन्यांचेच ना?"

चार महिन्यांचाच. तेवढ्यात व्हिसा येतो, वकीलसाहेब तेच म्हणाले. शाळेच्या प्रयोगशाळेतली नोकरी त्याच हिशेबाने सोडली होती आणि खोलीचा वर्षाचा करार नव्याने करायचं टाळलं, तेही त्याच हिशेबाने.

रोज फोन होत असताना पत्र कशाला, असं तू विचारशील. एक तर वकीलसाहेबांनी सांगितलंय की पोस्टाचा शिक्का असलेली पत्रं फाइलला लावली, की लग्न खरं आहे हे व्हिसाच्या साहेबाला पटतं. लग्नानंतर आपण एका छताखाली राहिलो एकोणचाळीस दिवस. तेवढ्यावर साहेबाचं भागत नाही म्हणे. आपलं भागलं का, हे कुणी विचारत नाही.

दुसरं कारण जास्त खरं आहे. फोन बाबांच्या कामाच्या टेबलावर, स्पीकरवर असतो. काल तू विचारलंस, "आठवण येते का?" आणि मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "येते तर. रोज येते." त्यानंतर मला बोलायला काही उरलंच नाही. तर, येते. हे माझ्याकडून.

'सिस्टर'वरून आज पुन्हा बोलणी खाल्ली. बाबा म्हणाले, "बायकोला सिस्टर म्हणतोस, जिभेला हाड आहे का?" मी सांगितलं, हात भाजून वॉर्डात आलो तेव्हा हिला पहिली हाक हीच मारली, आता जीभ वळत नाही. ते कवळीचं मेण तापवत होते. न हसता हसले.

तुझा,
वेंधळा

२ सप्टेंबर

प्रिय सिस्टर,

फाइल 'विचाराधीन' आहे. वकीलसाहेबांकडे जाऊन दाताच्या कण्या केल्या. ते म्हणाले, विचाराधीन म्हणजे चांगलं. मागच्या महिन्यात 'प्राप्त' होती, तेव्हा तेही चांगलंच होतं.

रिकामा बसून काय करू? बाबांच्या खोलीत स्टूल टाकून बसतो. तू या खोलीत लहानाची मोठी झालीस, तुला नवल नसेल. मला अजून आहे. फळीवर माणसांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे ओळीने मांडलेले आणि प्रत्येकावर पेन्सिलीने आडनाव. बाबा त्यांची ओळख करून देतात. "हे पोस्टमास्तर. रात्री दात खातात, बघ झीज. आणि या बाई, नवऱ्याशी बोलत नाहीत, पण कवळी त्याच्या पसंतीच्या रंगाची हवी."

मला त्यांनी प्लास्टर कालवायला दिलं. प्रयोगशाळेत वीस वर्षं चूर्णं कालवलीत, ते जमलं. मग मेणाच्या हिरडीत दात बसवून पाहिले. सहा दात, पुढचे. बाबांनी लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, "छान. पियानोच्या पट्ट्या झाल्या. खरे दात असे शाळेच्या रांगेत उभे राहतात का? एखादा सुळा जरा वळव. माणूस हसला तर त्याचाच वाटला पाहिजे." सगळे काढून पुन्हा बसवले.

तू परवा फोनवर दमलेली वाटलीस. आठवड्याला पाच रात्रपाळ्या म्हणजे फार होतात. त्या मोठ्या खोलीचं काय झालं? खिडकी बागेकडे उघडते म्हणालीस, ती. घेऊन ठेवू नकोस म्हणणार होतो, पण बाबा मधेच भाड्याचं विचारू लागले.

तुझा,
वेंधळा

२७ नोव्हेंबर

माझ्या कायदेशीर आणि एकमेव पत्नीस,

मायना वाचून दचकू नकोस, कारण सांगतो. तुला फोनवर नुसतं म्हटलं होतं की कचेरीने एक जादा कागद मागितलाय. कुठला, ते सांगायला तोंड नव्हतं.

आपली पत्रं फाइलला लावण्याआधी भाषांतराला दिली होती. भाषांतरकाराने इमानेइतबारे काम केलं. आता कचेरीचं पत्र आलंय: अर्जदार आपल्या पत्नीला दोन्ही पत्रांत 'बहीण' असं संबोधतो, तरी नात्याचा खुलासा करावा.

वकीलसाहेबांनी ते मोठ्याने वाचलं, चष्मा काढला आणि पुसून परत लावला. मग म्हणाले, "तुम्हाला दुसरं काही सुचलं नाही? राणी, सोनू, काहीही?"

तीन प्रतिज्ञापत्रं करावी लागली, एक माझं. तुझ्या जुन्या हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी लिहून दिलं की नर्सला सिस्टर म्हणतात. बाबांनी लिहून दिलं, "सदर इसम माझा मुलगा नसून जावई आहे, व मला मुलगा नाही." सही करताना म्हणाले, "इतकी वर्षं हे दुःख होतं. आज सरकारदरबारी नोंदवलं."

खुलासा तपासायला दहा ते चौदा आठवडे लागतात. हा उशीर माझ्या जिभेचा आहे. हस हवं तर. रागावलीस तरी चालेल.

तुझा (पती)

९ फेब्रुवारी

प्रिय,

काही हाक मारायची आता भीतीच बसलीय, म्हणून नुसतं प्रिय.

इकडे सगळं ठीक. बाबा मजेत. थंडी ओसरलीय. हल्ली बरंचसं काम मीच करतो. बाबा म्हणतात, शिकून घे, तिथे उपयोगी पडेल.

एक गंमत सांगतो. बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे एक गृहस्थ आहेत, सत्तरीचे. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांची वरची कवळी बाबांकडे पाठवली. कवळी झाली. गृहस्थ परत आले, म्हणाले, फुंकलं की सरकते. बाबांनी पुन्हा केली. पुन्हा सरकली. तिसऱ्यांदा आले तेव्हा ट्रम्पेटच घेऊन आले आणि खोलीत उभे राहून वाजवून दाखवलं. सूर लागला, मग फुस्स. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

मग ती मी केली. बाबा शेजारी बसून सांगत होते आणि मी हात चालवत होतो. "मागून घासून घे. अजून. आता वाजवताना ओठ कुठे दाबतो ते त्याला विचार, मला नको." चौथी कवळी बसली. गृहस्थांनी एक आख्खी धून वाजवली. बाबा टाळ्या वाजवून बाहेर गेले आणि अंगणात बराच वेळ उभे होते.

तुझ्या बाबांनी केलेली कवळी तीनदा परत आली, यात काही विशेष नाही. ट्रम्पेटवाल्याची असते अवघड.

तू विचारलंस, बाबा हल्ली चिठ्ठी का लिहीत नाहीत. आळस, दुसरं काय.

तुझा

३० एप्रिल

प्रिय,

खुलासा मान्य झाला. मी तुझा भाऊ नाही असं कचेरीचं मत पडलंय.

एक वाईट बातमी. वैद्यकीय तपासणीची बावीस तारखेची वेळ होती, ती कचेरीने पुढे ढकलली. त्यांचे डॉक्टर रजेवर गेले म्हणे. मी सकाळी लवकर जाऊन बसलो होतो. तिथे माझ्यासारखे आणखी बरेच जण होते, एका बाईंबरोबर लहान मूलही होतं. सगळ्यांनाच परत पाठवलं. आपल्या हातात काय असतं? नवी तारीख मिळेल तेव्हा कळवतो.

बाबा मजेत.

तुझा

१९ सप्टेंबर

प्रिय,

तीनदा सुरुवात करून तीन कागद फाडले. हा फाडणार नाही.

एप्रिलची तपासणी कचेरीने ढकलली नव्हती. मी गेलोच नाही. रजेवरचे डॉक्टर, ती बाई, तिचं मूल, सगळं मी रचलेलं. इतके बारीक तपशील लिहिले तेव्हाच तुला शंका यायला हवी होती. मला एरवी कुठे काय दिसतं?

बाबांचा उजवा हात थरथरतो. गेल्या हिवाळ्याआधीपासून. आधी ते म्हणायचे झोप नीट झाली नाही, मग म्हणायचे चहा जास्त झाला. ट्रम्पेटवाल्याची कवळी तीनदा परत आली ती त्यामुळे. मी डॉक्टरांकडे चला म्हणून मागे लागलो, ते दाद देईनात. एकवीस एप्रिलला संध्याकाळी त्यांच्या हातून स्पिरिटचा दिवा कलंडला. फार काही झालं नाही, टेबलाची कड जळाली. दिवा विझवून ते खाली बसले आणि म्हणाले, "उद्या जाऊ. परवा म्हणालास तर नाही येणार."

आणि उद्या माझी तपासणी होती.

मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला धक्के मारून तिकडे पाठवलं असतं आणि पुन्हा कधी डॉक्टरांचं नाव काढलं नसतं. मेंदूच्या डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, कागदावर गोल काढायला लावले. कंपवात आहे. औषधं सुरू केलीत. हळूहळू वाढतो, जीवघेणा नाही, पण बारीक काम आता होणार नाही असं म्हणाले. बाबांनी विचारलं, "बारीक म्हणजे?" डॉक्टर म्हणाले, "सुईत दोरा ओवणं वगैरे." बाबा म्हणाले, "दोरा नाही ओवत मी. दात बसवतो."

रस्त्यात त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं की तुला कळवायचं नाही. "ती तिथे एकटी आहे. ऐकलं की नोकरी सोडून धावत येईल, आणि माझा हात काही त्याने थांबायचा नाही." मी दिलं वचन. आज मोडतोय. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

पुढचं तुला ठाऊक आहे. नवी तारीख सात आठवड्यांनी मिळाली, तोवर पोलिसांच्या दाखल्याची मुदत संपली, नवा दाखला येईतो फाइल दुसऱ्या टेबलावर गेली. हे पाच महिने कचेरीने खाल्ले नाहीत. फोनवर तू त्यांना शिव्या देत होतीस आणि मी हो ला हो म्हणत होतो.

अजून एक राहिलं, आणि ते बाबांच्या आड लपवता येण्यासारखं नाही. त्या दिवशी तपासणी चुकली तेव्हा मला बरं वाटलं. दवाखान्याच्या बाकावर बसलो असताना घड्याळात माझी वेळ टळून गेली आणि छातीवरचं काहीतरी उतरलं. इथे मला एक काम येतं. डॉक्टरीणबाई आता माझं नाव घेऊन काम पाठवतात. तिथे मी कोण? तुझा नवरा, आणि तोही एकोणचाळीस दिवसांचा. सकाळी दमून येणाऱ्या बाईच्या घरात एक पुरुष बसून आहे, तिला नीट ओळखत नाही, हे डोळ्यांपुढे यायचं. तुझी आठवण येत नव्हती असं नाही. दोन्ही एकदम होतं.

शिक्षा काय ती तू ठरव.

तुझा

११ नोव्हेंबर

प्रिय,

सात आठवडे तू माझ्याशी बोलली नाहीस. फोन आला की "बाबांना द्या" एवढंच. मी द्यायचो आणि बाहेर जाऊन उभा राहायचो. तक्रार नाही.

तुझं पत्र सोमवारी आलं. पाकिटावर बाबांचं नाव बघून मी ते न उघडता त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आत जाऊन वाचलं. बाहेर आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "वचन मोडलंस."

"हो."

"कधी?"

"सप्टेंबरात."

"मग दोन महिने मी फोनवर ठणठणीत असल्याचं नाटक करतोय, ते ती ऐकून घेत होती?"

"हो बाबा."

ते खुर्चीत बसले. मला वाटलं, आता गादी उचलून चालू पडायची वेळ आली. पण ते म्हणाले, "तिने विचारलंय, बाबा तुम्ही अजून दात करता का. काय लिहू?"

मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहितो. त्यावर चिडले. "माझी मुलगी आहे. हात बघू दे तिला."

सोबतचा कागद त्यांचा आहे. चार ओळींना पाऊण तास लागला. पेन दोनदा खाली पडलं, मी उचलून दिलं नाही, कारण त्यांनी तसं बजावलं होतं. अक्षर वाचता येत नसेल तर सांगतो: "आता करत नाही. करवून घेतो. पोरगा बरा आहे. सुळे अजून सरळ बसवतो." 'पोरगा' शब्दावर खाडाखोड आहे, आधी 'जावई' लिहिलं होतं.

तुझा

१६ नोव्हेंबर

प्रिय,

परवा तू म्हणालीस, "स्पीकर बंद कर, अंगणात जा," आणि मग जे सांगितलंस, त्याचं उत्तर मला कागदावरच जमेल. आता लिहितो.

तू म्हणालीस की 'बहीण' प्रकरणाचं कळलं तेव्हा तू आधी पोट धरून हसलीस आणि मग तुलाही बरं वाटलं होतं. बागेकडे उघडणारी खोली दोन महिने घेऊन ठेवलीस आणि मग सोडलीस, ती परवडेना म्हणून नाही. तिथे दुसरी खुर्ची आणून ठेवलीस आणि तिच्यावर कोण बसणार, चेहरा नीट आठवेना. फोटो बघावा लागला.

मला वाटलं होतं, हे ऐकून दुःख होईल. झालं थोडं. पण तुझा राग संपला त्यापेक्षा हे ऐकून मी जास्त सैल झालो. दोघंही घाबरलोय, तर मग बरोबरीचे आहोत. तुला मी बिचारी समजत होतो आणि स्वतःला गुन्हेगार.

आपण परत ओळख करून घेऊ. मला काय आवडत नाही ते आधी सांगतो: दुपारी पंखा बंद केलेला. आता तू सांग.

तुझा

२१ जुलै

प्रिय,

व्हिसा आला. फोनवर सांगितलंच, पण कागदावर लिहून बघायचं होतं. पंचवीस महिने. मी अंगणात ओले साचे मांडत होतो आणि कुरिअरवाला म्हणाला, सही करा. हात प्लास्टरचे होते. पाकिटावर पांढरे ठसे उमटलेत.

बाबांना दाखवलं. त्यांनी उलटसुलट पाहून विचारलं, "यात कुठे बहीण लिहिलेलं नाही ना?" मग आत जाऊन झोपले. दुपारी चारला. कधी झोपत नाहीत.

संध्याकाळी मी म्हटलं, सहा महिन्यांच्या आत कधीही गेलं तर चालतं, पुढच्या वर्षी जातो. ते म्हणाले, "माझी शेवटची कवळी करून दे आणि चालू लाग." त्यांची स्वतःची, म्हणजे. खालची सैल झालीय, दोन वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. परवा माप घेतलं. माझ्या बोटांवर त्यांचा जबडा, आणि ते तोंड उघडं ठेवूनच सूचना देत होते, एक अक्षर कळत नव्हतं. मी म्हटलं, बाबा, एकदा तरी गप्प बसा. बसले.

तुझ्या आत्या पुढच्या रविवारी राहायला येतायत. तू म्हणतेस तसं त्या बोलून बोलून बाबांचं डोकं खातील, पण गोळ्या वेळेवर देतील. डॉक्टरीणबाई त्यांच्याकडच्या दोन शिकाऊ मुलींना आठवड्यातून तीनदा बाबांकडे पाठवणार आहेत. हात मुलींचे, डोळे बाबांचे. मोबदल्याचं बाबांनी आपणहून ठरवून टाकलं; दोघींनी रोज एक तास त्यांची गाऱ्हाणी ऐकायची.

तिकीट नऊ ऑगस्टचं आहे. तुझी त्या दिवशी रात्रपाळी आहे का, ते बघ.

तुझा

२८ ऑगस्ट

बाबा,

फोनवर आत्या मधे बोलतात आणि इथे ही शेजारी असते, म्हणून पत्र.

ती विमानतळावर ड्यूटीवरून तशीच आली होती. केस कापलेत. मला आधी ओळखूच आली नाही, आणि ती माझ्या मागच्या माणसाकडे बघत होती. मग एकदम समोरासमोर आलो. मी म्हटलं, "नमस्कार." अहो, खरंच नमस्कार म्हणालो. ती म्हणाली, "बॅग एकच?" आणि बसमध्ये सगळा रस्ता आम्ही तुमच्याविषयी बोललो, कारण दुसरं कुणी आमच्या दोघांच्या ओळखीचं नव्हतं.

पहिले चार दिवस एकमेकांना "आधी तू", "नाही, तू घे" असं चाललं होतं. परक्याच्या घरी पाहुणे असावेत तसे. पाचव्या दिवशी ओल्या टॉवेलवरून भांडण झालं. चांगलं तासभर. तिने पंचवीस महिन्यांचं सगळं काढलं, दिवा कलंडल्याचं तिला पाच महिने आधी कळायला हवं होतं इथपासून. मीही काढलं. शेवटी ती म्हणाली, "भूक लागलीय," आणि आम्ही उभ्या उभ्याच ओट्याशी जेवलो. त्या दिवसापासून घरात जरा मोकळं वाटतंय.

कामाचं सांगतो. इथे एक कवळ्यांचं वर्कशॉप आहे, सहा माणसांचं. मालकाने परीक्षा म्हणून मेणात पुढचे सहा दात बसवायला दिले. बसवले. त्याने लांब धरून पाहिलं, अगदी तुमच्यासारखं, आणि विचारलं, एक सुळा वळलेला का? मी म्हटलं, माणसाचा वाटावा म्हणून. सोमवारपासून ये म्हणाला. सुरुवातीला फक्त घासकाम आणि पॉलिश. चालेल.

तुमची नवी कवळी दुखत असेल तर अंगावर काढू नका. मुलींना दाखवा, घासून देतील. गोळ्या जेवणाआधी अर्धा तास, नंतर नाही. हे ती सांगायला सांगतेय असं समजा. ती रोज उठल्याउठल्या तेच विचारते, आणि मी आता जे असेल ते सांगतो. बुधवारी तुमच्या हातून कप पडला तेही सांगितलं. तिने डिसेंबरच्या रजेचा अर्ज काढून भरायला घेतला.

दुपारचे दोन वाजलेत. रात्रपाळीची झोप असते, म्हणून मी घरात मोज्यांवर फिरतो, भांडी वाजू देत नाही, हे पत्रही स्वयंपाकघरात दार लोटून लिहितोय. पहिल्या आठवड्यात ही शांतता अंगावर यायची. आता दाराआडून तिच्या श्वासाचा आवाज ऐकत काम करायची सवय झालीय. अजून एक विचारायचं होतं, त्या शिकाऊ मुलींपैकी धाकटीचा हात

ती उठली. हाक मारतेय. बाकीचं नंतर लिहितो.